शेवटून पहिल्याचा फोटो

मॅरेथॉनच्या फिनिश लाइनवरचे फोटो ओळीने पाहत गेलं की एक गोष्ट खटकते. ४२ किलोमीटर पायाखाली घालून आलेला माणूस कमानीखालून जाताना मान खाली घालून मनगटाकडे बघत असतो. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावरच्या घड्याळाचं बटण चाचपडत असतात. चेहरा दिसत नाही. दिसतो तो टोपीचा शेंडा आणि दंडाआड अर्धा झाकलेला छातीवरचा बिब क्रमांक. खरं तर त्या क्षणी वेळ टिपण्याची त्याला गरज नसते. बिबच्या मागे चिकटवलेली चिप आणि रस्त्यावर अंथरलेली चटई यांनी त्याची वेळ सेकंदासकट आधीच नोंदवलेली असते. म्हणजे वेळेची नोंद दोनदा झाली आणि माणसाची एकदाही नाही. सामुदायिक धावण्याच्या छायाचित्रणात काय बिघडलं आहे ते या एका फ्रेममध्ये दिसतं. जे मोजता येतं त्याच्या मागे सगळे लागतात, आणि ज्यासाठी फोटो काढायचा ते निसटतं.

महाराष्ट्राला रस्त्यावरच्या शर्यती नव्या नाहीत. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली. पण हौशी माणसांचा लोंढा रस्त्यावर उतरला तो २००४ च्या फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर. पूर्ण आणि अर्ध्या मॅरेथॉनच्या जोडीला तिथे साधारण सहा किलोमीटरची ड्रीम रन आहे, ज्येष्ठ नागरिकांची दौड आहे, दिव्यांगांची आहे. २०१२ मध्ये साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढू लागली आणि त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठीची पिंकाथॉन सुरू झाली. आता तालुक्याच्या गावीही डॉक्टरांची संघटना, एखादी शाळा किंवा पोलीस ठाणं पाच-दहा किलोमीटरची दौड ठेवतं. टी-शर्ट, पदक, धावून झाल्यावर पोहे आणि केळं असा सगळा थाट असतो. या दौडींत बक्षीस मिळण्याची शक्यता असणारे मूठभर असतात. बाकी हजारोंसाठी निकालपत्रकातला क्रमांक म्हणजे नुसता एक आकडा. चार दिवसांनी तो त्यांनाही आठवत नाही. उरतो तो फोटो. कपाटाच्या दारावर, व्हॉट्सॲपच्या डीपीवर, आईच्या फोनमध्ये. सामुदायिक दौडीत बहुतेकांचा खरा निकाल फोटो हाच असतो, आणि म्हणून त्या छायाचित्रणाचं मोल त्यात कोण आलं आणि कोण राहून गेलं यावर ठरवायला हवं. आजची पद्धत या कसोटीला उतरत नाही असं माझं मत आहे. ती एकेका धावणाऱ्याला नेमकं पकडते, पण समुदाय हरवते. आणि मागून येणाऱ्यांपर्यंत तर ती पुष्कळदा पोहोचतच नाही.

हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. मॅरेथॉनच्या इतिहासात टिकून राहिलेले फोटो कुठले, ते पाहावं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला इटलीचा दोरांदो पिएत्री शेवटच्या टप्प्यात पुन्हा पुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांनी त्याला आधार देऊन रेषा ओलांडायला लावली आणि त्याच कारणाने तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. पण लोकांच्या डोळ्यांसमोर आजही येतो तो डगमगणारा पिएत्री आणि त्याच्या दंडाला धरलेली माणसं. १९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनचं उदाहरण याहून बोलकं आहे. के. व्ही. स्विट्झर या नावाने नोंदणी करून २६१ क्रमांकाचा बिब लावलेली कॅथरीन स्विट्झर धावत होती. बाई धावते आहे हे लक्षात येताच शर्यतीचा एक अधिकारी, जॉक सेम्पल, तिचा बिब ओढून काढायला धावला. पत्रकारांची गाडी नेमकी जवळ होती आणि ती झटापट कॅमेऱ्यांत आली. त्या वर्षी शर्यत जिंकली न्यूझीलंडच्या डेव्ह मॅकेंझीने, आणि आज त्याचं नाव खेळाच्या अभ्यासकांखेरीज कुणाला सांगता येणार नाही. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की त्याच दिवशी त्याच रस्त्यावर बॉबी गिब ही दुसरी बाई बिबशिवाय धावली आणि स्विट्झरच्या जवळजवळ तासभर आधी पोहोचली. आदल्या वर्षीही तिने पूर्ण अंतर कापलं होतं. तरी जगाच्या स्मरणात आधी स्विट्झर आली, कारण फोटो तिचा होता. बायकांना बोस्टनमध्ये अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ साली. तो एका फोटोने मिळवून दिला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण बंदी कशी दिसते हे त्या फोटोने लोकांना दाखवलं एवढं निश्चित. स्विट्झरला शर्यत पूर्ण करायला चार तासांहून अधिक वेळ लागला. कॅमेरे फक्त आघाडीवरच्यांसोबत राहिले असते, तर हा फोटो निघालाच नसता.

आपल्याकडचं उदाहरण बारामतीचं आहे. पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये सिनेमा आला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांची विशेष दखल घेतली गेली. त्या घटनेचं चित्र महाराष्ट्राच्या मनात बसलं ते वेळेमुळे नाही. ओचा, काष्टा, उघडी पावलं, बाजूला स्पोर्ट्स शूज घातलेले बाकीचे: धावणं कुणाचं, हा प्रश्न त्या चित्रात डोळ्यांना दिसतो. अर्थात इथे एक धोका आहे आणि तो मान्य केला पाहिजे. अशा फोटोंना कौतुकाच्या भरात कीव चिकटते. अनवाणी पाय जवळून टिपायचे आणि खाली 'जिद्दीला सलाम' लिहायचं, म्हणजे उपचारासाठी माणसाला शर्यतीत का उतरावं लागलं हा प्रश्न बाजूला पडतो. फोटो चांगला की वाईट हे इथे लेन्सवर ठरत नाही. माणूस पूर्ण दिसतो की नुसते पाय, आणि फोटोखाली त्याचं नाव येतं की नुसतं विशेषण, यावर ते ठरतं.

तरीही बहुतेक दौडींत असे फोटो निघत नाहीत, आणि त्यामागे कुणाचा दुष्ट हेतू नसतो. कारणं प्रकाशात, यंत्रात आणि व्यवहारात दडलेली आहेत, म्हणून ती नीट पाहायला हवीत. आधी प्रकाश. मुंबईत हौशी धावपटू पहाटे पाचच्या सुमाराला निघतात आणि जानेवारीतला सूर्य उगवतो सव्वासाताच्या आसपास. म्हणजे पहिले दोन तास रस्त्यावरच्या दिव्यांचे. धावणारं शरीर थांबवून टिपायचं तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं तरी वेगवान ठेवावं लागतं. मग लेन्सचं भोक पूर्ण उघडा, आयएसओ चढवा, फोटोत दाणे येतील ते सोसा. त्यात आता रस्त्यांवर एलईडी दिवे आले. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे त्यांतले पुष्कळ दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरला कळतं: एका फ्रेममध्ये चेहरा उजळ, पुढच्या फ्रेममध्ये तोच काळपट, कधी फोटोवर आडवे पट्टे. साडेसातनंतर तासभर जो तिरपा, पिवळसर प्रकाश मिळतो त्यात कुणीही देखणं दिसतं. तो वाट्याला येतो मधल्या वेगाने धावणाऱ्यांच्या. दीड तासात अर्धमॅरेथॉन संपवणारा अंधारात पोहोचतो. पूर्ण मॅरेथॉनला सहा तास घेणारी बाई अकरा वाजता येते तेव्हा ऊन चढलेलं असतं, टोपीच्या पुढच्या पट्टीची काळी सावली डोळ्यांवर पडलेली असते आणि गालांवर घामाच्या मिठाचे ओघळ सुकलेले असतात. छायाचित्रकाराच्या भाषेत हा वाईट प्रकाश. माझ्या मते त्या सहा तासांची खरी खूण तोच प्रकाश आहे, आणि तो टाळण्याऐवजी वापरायला शिकणं हे या कामातलं कसब आहे. सावलीत उभं राहून उजेडाकडे तोंड असलेला धावपटू टिपावा, खाली बसून टोपीच्या पट्टीखालचे डोळे शोधावेत, थोडा फ्लॅश भरावा. यातलं काहीच अवघड नाही. फक्त अकरा वाजेपर्यंत तिथे थांबावं लागतं.

दुसरी अडचण 'चांगला फोटो' कशाला म्हणायचं या ठरून गेलेल्या समजुतीत आहे. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात घोड्याचे लागोपाठ फोटो काढले आणि भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात हे सिद्ध केलं. तेव्हापासून धावण्याच्या छायाचित्रणाला त्या हवेतल्या क्षणाची ओढ आहे. दोन्ही पावलं जमिनीपासून सुटलेली, मागचा पाय ताणलेला, छाती पुढे, असा फोटो मिळाला की सगळे खूश. पण धावणं आणि चालणं यांतला फरकच तो आहे: चालताना एक पाऊल कायम जमिनीवर असतं. मागच्या गटातली माणसं बराच वेळ चालतात. मधुमेहासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून दहा किलोमीटरला नाव घातलेले गृहस्थ, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या काकू, सासूबाईंचा हात धरून ड्रीम रन पूर्ण करणारी सून. हवेतल्या क्षणाच्या कसोटीवर यांचे फोटो नापासच ठरणार, म्हणून निवडीत ते गळतात. नावडीमुळे नव्हे, तर सुंदर काय याची व्याख्याच धावणाऱ्यांच्या शरीरावर बेतलेली आहे म्हणून.

लेन्सचंही तसंच. साधारण ७० ते २०० मिलिमीटरची लांब लेन्स घेऊन रस्त्याकडेला एका जागी बसायचं, येईल त्याला टिपायचं, ही रूढ रीत. लांब लेन्स माणसाला पार्श्वभूमीपासून सोडवते. मागचं सगळं लोण्यासारखं धूसर होतं. माणूस ठसठशीत येतो यात शंका नाही. पण मग तो मुंबईच्या पेडर रोडच्या चढावर आहे की नागपुरात की आणखी कुठे, हे कळायला मार्ग राहत नाही. पेडर रोडचा परतीचा चढ पूर्ण मॅरेथॉनवाल्यांच्या वाट्याला येतो तो पाय गळून गेल्यावर, आणि त्या चढावर फुटपाथवरचे रहिवासी संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ घेऊन उभे असतात. रुंद लेन्स घेऊन दोन पावलं जवळ गेलं की एकाच चौकटीत ते सगळं मावतं: पुढे आलेला घामट हात, त्यावर संत्र्याची फोड ठेवणारी सुरकुतलेली बोटं, मागे बॅरिकेडवर चढून ओरडणारी पोरं, गॅलरीतून डोकावणारं बिऱ्हाड. साताऱ्यात पाऊस सरत आलेला असताना यवतेश्वरच्या घाटात धुकं उतरतं, लेन्सवर दव धरतं, दर दहा मिनिटांनी काच पुसावी लागते. आणि त्याच धुक्यातून ढोल-ताशाचा आवाज आधी येतो, माणसं मागून. ते धुकं फोटोत नसेल तर ती शर्यत साताऱ्याची उरत नाही.

समूहाने रस्ता चालण्याचे फोटो काढण्याची सवय महाराष्ट्राला फार जुनी आहे; आपल्याकडे वारी आहे. वारीच्या छायाचित्रणावरही आता कॅमेऱ्यांच्या गर्दीचं ओझं आहे, रिंगणात घोड्यापेक्षा कॅमेऱ्यांना जागा जास्त लागते अशी तक्रार होते, आणि ती योग्य आहे. तरी वारीच्या चांगल्या फोटोंतून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. दिंडीला क्रमांक असतो, वारकऱ्याला नसतो. रथापुढची अमुक नंबरची दिंडी ही ओळख सगळ्यांची मिळून असते, आणि फोटोतही माणूस टाळकऱ्यांच्या रांगेत, पताकेखाली, कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून येतो. दौडीत क्रमांक छातीवर आहे, प्रत्येकाचा वेगळा. तिथून पुढचं सगळं वेगळं घडतं.

तो क्रमांक आला की धंदा येतो. आयोजक फोटोचं काम एखाद्या कंपनीला देतो. मार्गावर ठरावीक जागी छायाचित्रकार बसतात, हजारो फोटो काढतात. मग संगणक बिबवरचा आकडा वाचतो आणि फोटो त्या त्या नावाखाली लावतो. बिबचा एक कोपरा टाचणीतून सुटून दुमडला, घामाने कागद भिजून ३ चा ८ दिसला, किंवा आडवा हात आला, तर फोटो कुणाच्याच नावावर लागत नाही. ही उणीव भरून काढायला आता चेहरा ओळखणारी यंत्रणा आली आहे. आपला एक सेल्फी चढवायचा की गर्दीतले आपले फोटो समोर येतात. काही ठिकाणी ते विकत घ्यायचे असतात, काही ठिकाणी प्रायोजकाच्या बोधचिन्हासह फुकट मिळतात. या व्यवस्थेत ज्या फोटोत आठ माणसं आहेत त्याला गिऱ्हाईक नसतं, कारण तो आठांपैकी कुणा एकाचा नसतो. ज्यात एकच माणूस आहे, बिब स्पष्ट आहे, चेहरा समोर आहे, तोच खपतो. पाणी देणारा स्वयंसेवक, रस्ता अडवून उभा असलेला होमगार्ड, कचऱ्याची पिशवी घेऊन मागून येणारी सफाई कामगार यांच्या छातीवर नंबर नसतो. ती यंत्रणेला दिसतच नाहीत. लेन्सने जो समुदाय धूसर केला, तो व्यवहार अशा रीतीने पुसून टाकतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: धावणाऱ्यांना हेच हवं असतं. पहाटे साडेतीनला उठून, महिनोन्महिने सराव करून धावलेल्या माणसाला स्वतःचा एक छान फोटो हवा असला तर त्यात चूक काय? काहीच नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि एकट्याचे फोटो बंद करा असं मी म्हणत नाही. पण 'लोकांना हेच हवं' हे आपण कशावरून ठरवतो? जे विकायला ठेवलंय त्यातून लोक निवडतात. धावणाऱ्यांच्या गटांच्या बोलण्यात कुठले फोटो फिरत राहतात ते पाहिलं तर उत्तर वेगळं मिळतं. दोन तासांची पताका घेऊन ठरल्या वेगाने धावणाऱ्या पेसरच्या मागे निघालेली सगळी 'बस', म्हणजे अख्खा घोळका, एका चौकटीत आली, तो फोटो. पेटका आलेल्या अनोळखी माणसाची पोटरी दाबून देणारा दुसरा धावपटू, तो फोटो. त्याची किंमत लावता येत नाही म्हणून कंपनीला तो काढावासा वाटत नाही, एवढंच. ती जबाबदारी आयोजकाने उचलायची असते. रस्ता सार्वजनिक, बंदोबस्त सार्वजनिक, पहाटेपासून रहदारी अडवून घेणारं शहर सार्वजनिक. त्या शहराचा दस्तऐवज निव्वळ विक्रीच्या हिशेबावर सोडणं बरोबर नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत छायाचित्रकार थांबवायचा तर तासांचे पैसे पडतात. शेवटच्या तासात माणसं तुरळक, म्हणजे एका फोटोमागचा खर्च चढतो. तालुक्याच्या दौडीला तर मुळात एकच छायाचित्रकार परवडतो. लग्नाच्या हंगामात तोही मिळत नाही. त्यावरचं उत्तर जास्त पैसे ओता असं नाही. माणसं कुठे आणि कधी उभी करायची याचा क्रम बदला, एवढंच. आज पुष्कळ कॅमेरे सुरुवातीच्या कमानीला असतात: पाहुणे, फुगे, झेंडा, आमदारांचा हात. तिथून एक कॅमेरा काढून शेवटच्या दोन किलोमीटरवर ठेवला तर एक रुपया जास्त लागत नाही. इंग्लंडमधल्या पार्करनचा दाखला इथे उपयोगी आहे. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ धावपटूंनिशी सुरू झालेली ही दर शनिवारची पाच किलोमीटरची मोफत दौड आज कितीतरी देशांत चालते, आणि ती पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालते. फोटो काढणं हे तिथे वेळ नोंदवण्यासारखंच स्वयंसेवकाचं एक काम आहे. सगळ्यांच्या मागून चालणारा एक स्वयंसेवकही ठरलेला असतो, म्हणजे शेवटून पहिला येण्याची धास्ती कुणालाच नको. हे दोन्ही आपल्याकडच्या गटांना सहज जमण्यासारखं आहे. गुडघा दुखतो म्हणून यंदा न धावणारे सभासद प्रत्येक गटात असतात, आणि त्यांतल्या एखाद्याकडे बरा कॅमेराही असतो.

मग कुणी म्हणेल, कॅमेरा हवाच कशाला, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. फोनने खूप काही दिलं आहे हे खरं. पहाटे अंधारात बायकोने फुटपाथवरून काढलेला हललेला फोटो घरात जपला जाईल, आणि तो कुठल्याही कंपनीच्या फोटोपेक्षा मोलाचा असेल. पण फोन घरच्या माणसाकडे वळतो. ज्याचं कुणी आलेलं नाही त्याच्याकडे कुणाचा फोन वळत नाही. बाहेरगावाहून एकटा आलेला मुलगा, रात्रपाळी संपवून थेट सुरुवातीच्या रेषेवर आलेला सुरक्षारक्षक, नवऱ्याला न सांगता नाव नोंदवलेली बाई. यांच्यासाठीच तर कुणीतरी नेमलेला माणूस लागतो, ज्याचं काम अनोळखी माणसाकडे बघणं हेच असतं.

या यादीतलं शेवटचं उदाहरण लिहिताना मात्र थबकावं लागतं. घरी न सांगता धावायला आलेल्या बाईचा फोटो सगळ्यांना शोधता येईल असा टाकावा का? समुदाय दिसावा असा माझा आग्रह आहे, पण तिला दिसायचं नसेल तर? माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे. एक नेहमीचं उत्तर असं की सार्वजनिक रस्त्यावर कुणी कुणाचाही फोटो काढू शकतो. ते उत्तर जुन्या कॅमेऱ्याला पुरत होतं. रस्त्यावर चार जणांना दिसणं वेगळं, आणि आपला चेहरा टाकून कुणालाही आपले सगळे फोटो शोधून काढता येणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीबद्दल स्पष्ट आहे: ती मोकळेपणाने, माहिती असताना, ठरावीक कामापुरती दिलेली हवी, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची, पडताळता येईल अशी. दुसरीकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, आणि त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. फोटोत जो आहे त्याची त्या फोटोवर मालकी नसते. म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावर कायद्याने त्याचा अधिकार मानला जातो, पण त्या चेहऱ्याचा फोटो दुसऱ्याच्या मालकीचा असतो. या दोहोंमधली जागा आयोजकाच्या वागण्याने भरायची आहे.

आज ती कशी भरली जाते? नोंदणीचा अर्ज टी-शर्टचं माप विचारतो, रक्तगट विचारतो, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं ते विचारतो. फोटोची संमती मात्र अटींच्या लांबलचक मजकुरात पुरलेली असते आणि तिला नाही म्हटलं तर अर्जच पुढे सरकत नाही. बायकांच्या बाबतीत हे जास्त बोचतं. घामाने अंगाला चिकटलेल्या कपड्यांतले, लांब लेन्सने नको त्या कोनातून घेतलेले फोटो उघड्या अल्बममध्ये पडून राहतात आणि त्यांचं पुढे काय होतं ते सांगायला नको. शाळेच्या दौडीतल्या मुलांचे फोटो नाव, शाळा, गाव यांसह समाजमाध्यमांवर टाकताना पालकांना कुणी विचारत नाही. उपाय अवघड नाहीत. अर्जात दोन वेगळे प्रश्न असावेत: तुमचा फोटो गर्दीत आलेला चालेल का, आणि चेहऱ्यावरून शोधता आलेला चालेल का? पहिल्याला बहुतेक जण हो म्हणतील, दुसऱ्याला काही जण नाही म्हणतील, आणि त्यांच्या बिबवर एक रंगीत ठिपका पुरेल. काढून टाका म्हटलं की फोटो दोन दिवसांत काढणारा एक जबाबदार माणूस असावा. निवड करणाऱ्यांत बायका असाव्यात. इथे मला माझ्या मूळ म्हणण्याला छेद जातोय असं वाटत नाही, उलट ते पक्कं होतं. समूहाचा रुंद फोटो माणसाला गर्दीचा भाग म्हणून दाखवतो. त्याला वेगळं काढून, नंबर लावून, शोधण्याजोगं करत नाही. खासगीपणाला खरा धोका आहे तो एकेकाला अलग करणाऱ्या पद्धतीचा.

मुंबईत काय किंवा तालुक्यात काय, शेवटच्या तासाचं दृश्य सारखंच असतं. मार्गावरचे प्लास्टिकचे शंकू उचलले जात असतात, अडवलेली रहदारी एका बाजूने सुटलेली असते, पाण्याच्या टेबलाखाली चुरगळलेल्या पेल्यांचा ढीग असतो. मागे पडलेल्यांना उचलून घेणारी स्वीप बस मंद गतीने मागून येते आणि तिच्यापुढे तीन-चार जण असतात, बसमध्ये चढायला नकार दिलेले. त्यांच्याबरोबर एक स्वयंसेवक चालतो. त्याने एकीची पाण्याची बाटली हातात घेतलेली असते. कमानीवरचं घड्याळ कुणी बंद केलेलं नसलं तर त्यावरचा आकडा त्यांना दुरून दिसतो. त्यांना मनगटावरचं बटण दाबायची घाई नसते. मान वर करून, समोर बघत ती माणसं येतात.